काना आणि मात्रा

शनिवारी संध्याकाळी खाली तालमीत पोरं जोर काढत असतात
आणि वर माळ्यावर दस्तगीर शिकलगार बसतात,
फंडाच्या ऑफिसातनं रिटायर झालेले.
पुढ्यात पत्र्याची पेटी, एक भिंग,
कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांचा गठ्ठा.
फी नाही. चहासुद्धा घेत नाहीत, साखर आहे म्हणून.

जिन्यावर तांबड्या मातीचा वास येतो,
ताक, हळद, तेल मुरलेला.
लग्नाआधी आमचे मालक ह्याच मातीत लोळले,
मग एकतीस वर्षं उद्यमनगरच्या फौंड्रीत
काळी वाळू साच्यात ठोकून बसवत राहिले.
घरी आंघोळ केली तरी नाकातनं काळंच निघायचं.

"बसा वहिनी."
"बसतो की."
आम्ही हितल्या बायका येतो, जातो, बसतो, भांडतो.
अर्जावर त्यांनी 'स्त्री' ह्या चौकटीत खूण केली
आणि भिंग कागदावरनं सरकवत नेलं.

फंडाच्या स्लिपवर पोवार.
आधारला पवार.
मृत्यूच्या दाखल्यावरही पवार.
"एक काना आणि एक मात्रा," ते म्हणाले,
"तुमच्या पेन्शनीला आडवे पडलेत."

माझ्या मनाची तयारी वेगळी होती.
कुणी साहेब आडवा येईल, एखादं लपवलेलं कर्ज,
नाहीतर परगावातली दुसरी बायको.
हे तर नुसती काठी
आणि तिच्या डोक्यावरचं पीस.

"कोर्टाच्या आवारात प्रतिज्ञापत्र करा,
दोन्ही माणसं एकच म्हणून.
त्यावर कंपनीची सही आणा."
"कंपनी कुठली? तिथं आता मंगल कार्यालय झालंय."
"मग शेठचा पोरगा कुठं राहतो ते शोधा.
शटर पडलं तरी सही उरते कुणाकडं तरी.
आणि खोलीचं भाडं हातात देत जाऊ नका.
पावती मागा. देत नसेल तर खात्यावर टाका.
उद्या खोली सोड म्हणाला तर
तुम्ही तिथं राहत होता हे कोण सांगणार?"

मग एका पाठकोऱ्या पानावर घरखर्च.
भाडं अठराशे.
गॅसची टाकी दोन महिन्यांना.
लाईट पोटमीटरचं, मालक सांगेल तेवढं.
दूध अर्धा लिटर.
चटणीची मिरची वर्षाची एकदम, बारानं भागून.
शिलाई मशीनचं तेल, दोरा.
बेरजेपाशी त्यांचं पेन थांबलं.
"प्रेशरची गोळी घेता म्हणाला होता."
"घेतो."
"मग ती कुठाय ह्यात?"
"उरले तर घेतो."
ते काही बोलले नाहीत.
भाड्याच्याही वर, जागा नव्हती तिथं,
बारीक अक्षरात गोळी लिहिली.

"तोवर निराधार योजनेचा अर्ज टाकून ठेवू."
त्या शब्दाशी माझं जमेना.
मशीन आहे. कागलला भाची आहे.
कोपऱ्यावरचा दुकानदार अजून उधार देतो.
"मी निराधार न्हाई, दस्तगीरभाई."
"कागदापुरतं व्हा.
कागदाला आधार दिसत नाही, वहिनी,
नुसतं आधारकार्ड दिसतं."

पुढच्या शनिवारी पिशवीतनं तांब्या काढला,
लग्नातला, पितळी, चिंचेनं घासलेला.
गळ्याखाली टिंबाटिंबांनी कोरलेलं:
हिं. बा. पोवार.
काना सरळ. मात्रा जरा मागं कललेली,
कोरणाऱ्याचा हात हलला असेल.
"हा पुरावा चालतो का?"

भिंग लावून ते बराच वेळ बघत राहिले.
खाली कुणीतरी कुणाला चीत केलं,
माळा हादरला, पोरं ओरडली.
"चालत नाही," म्हणाले.
पण पान फाडून त्यांनी तांब्यावर ताणून धरलं,
वरनं शिसपेन्सिल आडवी घासत नेली
आणि करड्या रंगातनं
टिंबाटिंबांनी आमचे मालक वर आले.

तो कागद त्यांनी पेटीत ठेवला,
प्रतिज्ञापत्राच्या खाली, टाचणी लावून.
"असू दे फाईलला," म्हणाले.